हुशार पोरगी

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून समज कमी, त्यात फिटा यायच्या. औषध रोज लागायचं. हातात पैसा नसला की आई एकेका गोळीचे दोन तुकडे करायची आणि मग बहीण कुठेही कोसळायची. अशा मुलांसाठी सरकारी आरोग्य विमा निघालाय, असं कळलं तेव्हा आमच्या घरात दिवाळी झाली. फक्त अपंगत्वाचा दाखला हवा होता.

त्यासाठी तपासणीचं शिबिर यवतमाळला. आमच्याकडे चार परक्यांपुढे पोरगी न्यायची ती नीटनेटकीच. समोर पाहुणे असोत की डॉक्टर. आईने तिला नवा फ्रॉक घातला, तेल लावून दोन वेण्या घातल्या. त्याआधी कापूस वेचता वेचता तिच्याकडून तिचं नाव घोकून घेतलं होतं. "सायबाले नाव सांगजो, हात जोडजो." बहिणीने सगळं केलं. डॉक्टर हसून म्हणाले, "हुशार आहे की पोरगी." उभ्या जन्मात त्या लेकीला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. आईने बसस्टँडवर पेढे घेतले.

अपंगत्वाचे टक्के कमी भरले. दाखला विम्याला चालेना. त्या हिवाळ्यात बहीण चुलीपाशी पडली आणि तिचा हात भाजला.

मला त्या पेढ्यांचा अजून राग येतो, आईचा येत नाही. दगडाला शेंदूर लावून देव करणारी माणसं आम्ही. पोटच्या पोरीला वेडी म्हणून कशी दाखवणार?

पुढच्या शिबिराला आईने तिचे केस विंचरले नाहीत. एसटीत तिच्या तोंडावर हात ठेवून सांगत राहिली, "नाव नाई सांगाचं बरं, काईच बोलाचं नाई." आपलं काय चुकलं, ते बहिणीला कळेना. डॉक्टरांनी नाव विचारलं, तेव्हा ती आईकडे बघत गप्प बसली.

विम्याचं कार्ड आलं. औषधाचे पैसे परत मिळू लागले, गोळी पुरी पडू लागली, फिटा कमी झाल्या. एका सकाळी आईने तिला कुशीत घेतलं. "आता सांग ना व माय, काय नाव तुह्यं?"

तिने आईचा हात उचलला आणि आपल्या तोंडावर ठेवला. आई कितीतरी वेळ विनवत होती. ती बोलली नाही, पुढेही कधी नाही.