‘येतो’ न म्हणता

शिंदखेड्याला आमच्या शेजारी सुकदेव आबांचं राहत्या घरातच शिंप्याचं दुकान होतं. शाळेचा गणवेश शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर द्यायचे आणि आमच्या आयांची बोलणी हसत हसत खायचे. पण आसपासच्या गावात कुणी वारलं की यांचं मशीन बंद. धुतलेली टोपी घालायची आणि त्या घरी दारावर, म्हणजे सांत्वनाला, जायचं. सतरंजीवर तासभर मुकाट बसायचं, चहा घ्यायचा नाही आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही. एरवी मात्र आम्ही पोरं दुकानातून निघालो की ‘येतो, आबा’ म्हटल्याशिवाय सुटका नसे. दोऱ्याचं टोक ओठांत धरूनच ते ‘ये भाऊ’ म्हणायचे. ते दुकान आठवलं की अजून जीव हळवा होतो.

पुढे मी धुळ्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागलो आणि मला शिंगं फुटली. सुटीत आबांना छेडायचो, ‘तासभर बसून मेलेला उठतो का?’ एकदा त्यांना चीनच्या कन्फ्यूशियसची गोष्ट ऐकवली. त्याच्या एका शिष्याला आईबापांसाठी तीन वर्षं पाळायचा दुखवटा फार वाटला. वर्ष पुरे, म्हणाला. गुरूंनी विचारलं, एवढ्यात गोडधोड खाऊन तुला चैन पडेल का? तो हो म्हणाला. मग कर तसं, गुरू म्हणाले. आता आबा गप्प होतील असं मला वाटलं. त्यांनी काजाचा टाका पुरा केला आणि विचारलं, ‘पोऱ्या हां म्हने, ते खरं व्हतं का?’

एक्याण्णव साली माझी आई धुळ्यात माझ्याकडेच वारली. मी सगळ्यांना पत्रं टाकली, कुणी भेटायला येऊ नये. चौथ्या दिवशी वर्गावर उभा राहिलो. कुणी विचारलं की ‘मी ठीक आहे’ म्हणायचो, आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश असायचो. आठव्या दिवशी आबा एस.टी.ने आले. पत्र मिळालं नाही का, असं मी त्यांना विचारलंसुद्धा, इतका मी मूर्ख! ते खुर्ची सोडून जमिनीवर बसले, म्हणून मीही बसलो. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘खरं सांग, तुले चैन पडस का?’

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.

ते निघाले तेव्हा मी सवयीने ‘पुन्हा या, आबा’ म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. ‘आश्या कामले परत या म्हनतस नही, भाऊ.’

शहाण्णवला आबा गेले. फोन आला तेव्हा कॉलेजात परीक्षा चालू होत्या. रजा टाकली आणि शिंदखेड्याला गेलो. आबांच्या पत्नी बेबाबाई काकूंसमोर सतरंजीवर तासभर बसलो. मशीनवर चादर टाकली होती. उठलो, चपला घातल्या, आणि ‘येतो, आबा’ अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं. त्या दारातून पहिल्यांदाच काही न बोलता निघालो.