भिंतीकडे तोंड करून बसलेले सर

पराडकर सर गेल्याचं मला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मी कुडाळला छापखान्यात प्रुफं तपासत बसले होते. पहिल्या मेसेजखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली, आणि मग कुणीतरी लिहिलं, ‘असा निःपक्षपाती शिक्षक पुन्हा होणे नाही.’ तो शब्द बघता बघता सगळ्यांनी उचलला. माणूस गेल्यावर तासाभरात त्याचे दोष कसे धुऊन निघतात हे मी पाहिलेलं आहे, म्हणून मी फुलं मोजायच्या भानगडीत पडले नाही. मी एकच नाव शोधत होते. आमच्या वर्गातली दर्शना त्या ग्रुपवर आहे. तिने मेसेज वाचले होते, पण एक फूलसुद्धा टाकलं नव्हतं. फोन केला तर म्हणाली, “कळला माका. कामात आसंय.” आणि ठेवून दिला... दोन दिवसांनी ग्रुपचं ठरलं की शाळेच्या नव्या रंगमंचाला सरांचं नाव द्यायचं, फलकावर ‘निःपक्षपाती’ हा शब्द कोरायचा, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत लेख मी लिहायचा. “लिही, पण चांगलं लिही,” असंही बजावण्यात आलं. लिहिते म्हटलं. पण त्या एका शब्दावर माझं घोडं अडलं, ते का, हेच आता सांगते आहे.

सर आम्हाला मराठी शिकवायचे. दरवर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक ते स्वतः लिहीत, स्वतः बसवत. त्यांची पात्रं निवडायची रीत पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. चित्रकलेच्या वर्गात ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. आम्ही चपला बाहेर काढून एकेक आत जायचं, नाव सांगायचं नाही, दिलेलं वाक्य बोलायचं आणि मागच्या दाराने निघून जायचं. सरांना फक्त आवाज ऐकू येणार, मूल कुणाचं ते दिसणार नाही. पालकांना याचं केवढं कौतुक होतं. देवगडकडचे पाहुणे आले की त्यांनाही ही गोष्ट सांगितली जायची. मला मात्र पहिल्यापासून एक गोष्ट खुपत होती. सर पाठ फिरवून निवडत, तरी राजा दरवर्षी बाजारपेठेतल्या घरातूनच कसा निघतो? आणि द्वारपाल, धोबी, विदूषक आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीतूनच कसे? उत्तर अवघड नव्हतं. सरांच्या नाटकात राजा पुस्तकी मराठी बोलायचा आणि द्वारपाल मालवणी. दशावतारात देव आणि राजे जड मराठीत गर्जतात आणि हसवणारा मालवणी बोलतो, तेच वळण शाळेत उतरलं होतं. आमच्याकडे तोंड बघायची गरजच कुणाला आहे? पहिल्या शब्दाला वाडी कळते. सरांनी जे बघायचं नाही म्हणून पाठ फिरवली, ते कानातून थेट आत येत होतं.

आमच्या घरी वडील मच्छीमार संघटनेत. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, त्यांवरच मी अक्षरं गिरवली. तेव्हा नववीत मी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटू नये. ‘राजा कायम पेठेतलाच का?’ असं एक पानी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि मधल्या सुट्टीत फाटकावर वाटल्या. सरांनी एक मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला वर्गाबाहेर बोलावलं. वर्गात ‘शुद्ध बोला’ म्हणणारे सर बाहेर मालवणीवर यायचे, तसेच तेव्हाही आले.

“काय गो पुढारीण, तुझा म्हणणा काय? चिठ्ये टाकून राजो करू?”

मी म्हटलं, रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढताना, दोरीला हात लावला की प्रत्येकाला वाटा मिळतो. ओढणारा कुठल्या घरचा ते कुणी विचारत नाही.

“रापणीत कोण कसो ओढता ता दर्याक दिसत नाय. नाटकात लोकांका दिसता.”

“मग लोकांना आम्ही फक्त द्वारपाल म्हणूनच दिसायचं का, सर?”

ते काहीतरी बोलणार होते... घंटा झाली आणि ते गेले. त्यांना घंटेने वाचवलं असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

पुढच्या वर्षीचं नाटक वाचून दाखवलं तेव्हा वर्ग गार पडला. गावावर मासळीचा दुष्काळ आलेला, आणि राजा शेवटी एकटा किनाऱ्यावर जाऊन समुद्राशी बोलतो. आणि तो मालवणी बोलतो. समितीत कुजबुज झाली म्हणे, पण सर बधले नाहीत. निवड पुन्हा तशीच, भिंतीकडे तोंड करून. शाळा समितीच्या अध्यक्षांचा मुलगा ओंकार आदल्या वर्षीचा राजा होता. घरी त्याची मालवणी रागावून रागावून घालवलेली, त्यामुळे आता तो प्रत्येक शब्दावर ठेचकाळत होता. आम्ही खिडकीला कान लावून हसत होतो. मग दर्शना आत गेली. ती माझ्या शेजारची, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी, पण किनाऱ्यावर वाळत घातलेल्या सुंगटांवरचे, कोळंबीवरचे कावळे हाकलताना जिचा आवाज होडीपर्यंत पोचायचा ती. तिने सुरुवात केली आणि सरांची खुर्ची करकरली. खिडकीतून डोकावलो तर सर मागे वळले होते. असं कधीच झालं नव्हतं. तिचं बोलणं संपेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले, आणि राजा दर्शना झाली. मुलगी राजा! वडिलांना मी धावत जाऊन सांगितलं की पत्रक लागू पडलं.

तालमी महिनाभर छान चालल्या. संमेलन तोंडावर आलं आणि एका सकाळी सरांनी वर्गात सांगितलं की दर्शनाचा घसा बसला आहे, राजा ओंकार करील. दर्शना त्या दिवशी शाळेत नव्हती. दुपारी मी तडक किनाऱ्यावर गेले, तर ती नेहमीसारखी कावळ्यांवर ओरडत होती. घसा खणखणीत! मी काही विचारायच्या आत म्हणाली, “माका काय विचारू नको,” आणि सुंगटांची पाटी उचलून चालू पडली. संमेलनात ओंकारने तेच भाषण पुस्तकी मराठीत म्हटलं. वाक्यं बदलून दिली होती. पुढच्या रांगेत अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. मी दुसरं पत्रक काढलं, ‘घसा कुणाचा बसला?’ सरांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. ही दोन्ही पत्रकं मी आजही मागे घेत नाही. पुढे कधी एसटी स्टँडवर भेटले की विचारायचे, “काय, सध्या कोणाविरुद्ध?” मी म्हणायची, “तुमच्याच.” ते हसायचे. मन स्वच्छ असलेला माणूस हसतो तसं ते हसणं होतं, की कातडी निबर झालेला माणूस हसतो तसं, हे मी प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडलं नाही.

तेराव्यानंतर मी दर्शनाला घेऊन सरांच्या घरी गेले. ती आता तारकर्लीत एका होमस्टेचं स्वयंपाकघर सांभाळते. यायला तयार नव्हती, मीच हट्ट केला. फलकाचं तिला सांगितलं आणि म्हटलं, तुझ्यावर अन्याय झाला असेल तर तो शब्द मी कोरू देणार नाही, पण आता तरी खरं सांग. स्कूटरवर मागे बसलेली ती तुटक तुटक बोलली. वर्गात घशाचं सांगितलं त्याच्या आदल्या संध्याकाळी सर दर्शनाच्या घरी आले होते. तिच्या वडिलांबरोबर उपड्या घातलेल्या होडीवर बसून बोलले. सर गेले आणि वडिलांनी सांगितलं, धोतर नेसून, मिशी लावून गावासमोर उभं राहायचं नाही, उद्या कोण सून करून घेणार.

“सर कित्याक इल्ले मग?” मी विचारलं.

“परवानगी मागूक इल्ले, की नको म्हण म्हणान सांगूक इल्ले, माका खंय म्हायत? माका पाणी आणूक धाडल्यानी. आता बाबाय नाय, सरय नाय.”

म्हणजे गोष्टी दोन होतात. एकीत सर बापाची परवानगी मागायला जातात, नकार मिळतो, आणि गावात त्या बापाला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून घशाचं निमित्त काढून माझ्या पत्रकाचा मार निमूट खातात. दुसरीत अध्यक्षांनी पिळलेले सर बापाच्या कानात नेमकी ती एक भीती सोडून येतात आणि हात झाडून मोकळे होतात. ग्रुप कुठली गोष्ट निवडील हे मला विचारायला नको. मलाही पहिलीच हवीशी वाटते, आणि म्हणूनच तिचा मला जास्त संशय येतो.

सरांच्या पत्नीने, काकींनी, कोकमाचं सरबत दिलं. मला त्या ओळखत होत्या, “पत्रकवाली ना गो तू?” म्हणाल्या. दर्शनाला विचारलं, तू कोण. तिने वाडीचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं. काकी तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ती राजाची...? चल, माझ्याबरोबर विहिरीर चल.”

परसात रहाटाची विहीर. काकींनी रहाटावर हात ठेवला आणि सांगू लागल्या की नळ आला तरी सर सकाळचं पाणी इथूनच काढायचे आणि काढताना राजाचं भाषण म्हणायचे. रोज. तेही आपल्या आवाजात नाही, पोरीचा बारीक आवाज काढून. काकी त्यांना हसायच्या. ऐकून ऐकून त्यांचं पाठ झालं होतं, तसं त्यांनी म्हणून दाखवलं:

“दर्या, मिया तुझो धनी न्हय. तुझ्या दारात उभो रवलेलो मागणारो आसंय. माझो मुकुट घे, पण ह्या लोकांची ताटां उपडी घालू नको...”

इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, सर रोज इथेच थांबायचे. “मी विचारलंय, फुडे काय नाय? तर म्हणत, फुडला माझा न्हय.”

पश्चात्ताप होता, की नुसती आवड? मी दर्शनाकडे पाहिलं. “फुडला माझा होता,” ती म्हणाली. सरांनी शेवटचं वाक्य लिहिलंच नव्हतं. दशावतारात भाषण लिहून कोण देतं, राजा जो होईल त्याने शेवटचं स्वतः रचायचं, असं त्यांनी तालमीत तिला सांगितलं होतं. तिने रचलं होतं. संमेलनात ते कुणाला ऐकायला मिळालं नाही, कारण ओंकारला वेगळं लिहून दिलं गेलं.

“म्हण बघू,” काकी म्हणाल्या.

दर्शनाने विहिरीच्या काठावर दोन्ही हात टेकले. कावळे हाकलायचा तोच आवाज, फक्त जाड झालेला.

“आणि देऊचा नसात, तर तसा माझ्या तोंडार सांग.”

विहिरीतून ते परत वर आलं. काकींनी डोळ्यांना पदर लावला, पण मान खाली घातली नाही... फलकावर कुठला शब्द कोरायचा ते मी ग्रुपला अजून कळवलेलं नाही. दर्शनाने मात्र रहाट ओढून एक कळशी भरली, काकींच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, उद्या सकाळी पुन्हा येते.