वरच्या झाडांची पानं

उर्शाच्या टोलनाक्यामागच्या डोंगरात ती बाई एकदाच भेटली. गळ्यात भिंग, आणि पान हातात घेण्याआधी ओढणीला बोटं पुसायची सवय. गाड्यांच्या धुरावर ऊन तापलं की ओझोन वायू होतो. तो रानातल्या झाडांना किती बाधतो, हे ती तपासत होती.

त्यात माझीही झाडं होती. वडिलांनी जाताना तिथली जांभळाची झाडं माझ्यावर सोपवली होती. विहिरीजवळच्या झाडांना मी पाणी घातलं. वरच्यांना उन्हाळाभर एक हंडाही नेला नाही. निव्वळ कंटाळा.

विहिरीजवळच्या पानांवर तिला काळपट ठिपके सापडले. वरची पानं मलूल होती, पण त्यांवर डाग नव्हते.

"ताई, ह्यांना म्या पानीच दिलं न्हाई," मी बोलून गेलो.

"काका, तहानलेलं झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. वायू आत शिरलाच नाही."

"मंग जगतील?"

"जगतील. पण तहानेनंही झाड मरतं, बरं का! आळसाला बक्षीस मागू नका."

मी पोटभर हसलो. ती उतरून गेल्यावर हंडा भरून वर नेला. वडिलांची आठवण आली, पण पहिल्यांदाच मान खाली गेली नाही.