भाषा तीच, मेस दुसरी

तो जेवत होता. रश्श्यात पाव बुडवून, शांतपणे. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सॉरी सर. कार्ड प्लीज."

त्यानं मान वर केली. तोंडात घास. "आत्ता?"

"आत्ता."

मेसमध्ये तीसेक गोरी माणसं जेवत होती. काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. त्यानं खिशातून निळं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं, घास गिळला आणि ताट तसंच सोडून उठला. जाताना खुर्ची आत सरकवली. नीट. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अपमान करणारा हात माझा होता. त्यामुळे ही माझ्या अपमानाची गोष्ट आहे म्हणताना जीभ अडखळते. पण आहे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कुवेतमध्ये फिंतासच्या पुढे वाळूत आमच्या कंपनीचा कॅम्प होता. रिफायनरीचं काम. मी कॅम्प ऑफिसात क्लार्क. खोल्या वाटणं, पासपोर्ट गोळा करून अकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, पाठवणं, मेसची कार्डं बनवणं. निळं कार्ड सीनियर मेसचं, पिवळं बाकीच्यांचं. कागदावर हे हुद्द्यानुसार होतं. प्रत्यक्षात पासपोर्ट बघायचे. इंग्लंडचा फोरमन निळ्यात, बडोद्याचा इंजिनिअर पिवळ्यात. कोणी विचारत नसे. मीही नाही.

आणि माझं सामान्य ज्ञान! कॉलेजात असताना प्रश्नमंजूषेत जिल्ह्यात दुसरा आलो होतो, बक्षीस म्हणून प्लॅस्टिकचा पेनस्टँड मिळाला होता. तेव्हापासून जगातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असा माझा पक्का समज. एफ्राइन आला, वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर, तेव्हा त्याचा पासपोर्ट अजून दुसऱ्या ऑफिसात अडकला होता. पण आल्या आल्या तो आमच्या माद्रिदच्या इंजिनिअरशी फडाफडा स्पॅनिशमध्ये बोलला, दोघं हसले. झालं. मी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'स्पॅनिश' लिहून मोकळा झालो. निळं कार्ड हातात देताना वर विचारलंही, "तुमच्याकडे बैलांच्या झुंजी कशा चालल्यात?"

तो म्हणाला, "आमच्याकडे बैल नांगराला लावतात."

मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे.

नऊ दिवस तो सीनियर मेसमध्ये जेवला. दहाव्या दिवशी माद्रिदवाला ऑफिसात आला. चढा आवाज नाही, राग नाही. "यादीत चूक आहे. तो स्पॅनिश नाही. बोलिव्हियाचा आहे. आमची भाषा बोलतो, एवढंच."

आमचे साहेब पुण्याचे. कॅम्पचे मॅनेजर. मला 'तू' म्हणायचे, मायेनं. शुक्रवारी साल्मियाला घरी बोलवायचे. वहिनी वरणभातावर तुपाची धार धरायच्या. "ऑफिसात एक आपल्यातला माणूस हवाच होता," असं साहेब चारचौघांत सांगायचे. माझ्या आडनावावरून त्यांनी काढलेला तो अंदाज. मी तो कधी खोडला नाही. वरणभात चांगला असायचा.

माद्रिदवाला गेल्यावर साहेब हसले. "अरे, भाषा बोलली म्हणून कोणी त्यांच्यातला होतो का? आपल्याकडे बघ. मराठी काय, सगळेच बोलतात. म्हणून सगळे आपल्यातले?"

मीही हसलो. हे नोंदवून ठेवतो. मोठ्यानं हसलो.

"जा, कार्ड घेऊन ये त्याचं. जेवायलाच बसला असेल."

"जेवण झाल्यावर घेतो ना, साहेब."

"आत्ता. त्या लोकांना दिसलं पाहिजे की आपण चूक दुरुस्त केली."

आणि मी गेलो.

हे आडनावाचं सांगायला हवं. नाशिकला डिप्लोमा करताना मी एका काकूंच्या खानावळीत जेवायचो. दोन महिने मजेत गेले. मग कॉलेजच्या बोर्डावर शिष्यवृत्तीची यादी लागली, नावापुढे जात. काकूंच्या पुतण्यानं वाचली. दुसऱ्या दिवशी काकूंनी दारातच डबा हातात दिला. "उद्यापासून डबाच नेत जा. आत जागा पुरत नाही." आत चार पाट रिकामे होते. मी मोजले होते. त्या डब्यात त्या दिवशी गवार होती, आणि मी ती पंचवटीत एका पायरीवर बसून सगळी खाल्ली. भूक लागली होती. तिथंच ठरवलं, परत कोणाला कळू द्यायचं नाही. राजपत्रात नाव बदललं. गावाच्या नावापुढं 'कर' लावलं. किती हुशारी वाटली होती!

दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन मी एफ्राइनच्या केबिनमध्ये गेलो. माफी मागायला. माफी मागताना मी काय म्हणालो? "मला वाटलं, स्पॅनिश बोलणारे सगळे स्पॅनिश."

तो वेल्डिंगचे एक्स-रे बघत होता. फिल्म खाली ठेवली. "स्पॅनिश म्हणजे स्पेनचा. इथं तो माद्रिदवाला एकटा. आता हिस्पॅनिक. ज्याच्या देशाची भाषा स्पेनची, तो. त्यात तोही, मीही. लॅटिनो म्हणजे आमच्या त्या मुलखातला. ब्राझीलचा क्रेनवाला आहे ना, पोर्तुगीज बोलतो, तो लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही."

माझ्यातला पेनस्टँडवाला जागा झाला. "म्हणजे तू दोन्ही. तुझ्याकडे दोन नावं, माद्रिदवाल्याकडेही दोन. मग तो आत कसा आणि तू बाहेर?"

"कारण ही नावं आम्ही ठेवलेली नाहीत." त्यानं चहाचा घोट घेतला. "माझ्या आईला सांग हिस्पॅनिक, लॅटिनो. तिला एकही कळणार नाही. ती ऐमारा बोलते. स्पॅनिश मी शाळेत छड्या खाऊन शिकलो. आमच्या शहरातल्या हॉटेलात मला आत घेत नसत. इंडियो म्हणायचे."

"अरे, इंडियन तर मी!"

"तुमचा इंडिया शोधत निघालेला कोणी एक जण चुकून आमच्याकडे पोचला. चूक त्याची, नाव आम्हाला."

आम्ही दोघं हसलो. मग तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला. "तू तुझ्या साहेबासारखाच का?"

हो म्हणण्याची सवय इतकी मुरलेली, की मान आपोआप हलली. हो.

आठवड्यानं साहेबांनी कागद पुढे सरकवला. टाईप केलेला. इन्स्पेक्टरनं राष्ट्रीयत्वाची खोटी माहिती देऊन सीनियर मेसचा लाभ घेतला. खाली माझं नाव, सहीची जागा.

"हेड ऑफिसनं खुलासा मागितलाय. चूक आपली नको दिसायला."

"त्यानं काही सांगितलं नव्हतं, साहेब. मीच लिहिलं."

"म्हणूनच सही तुझी हवी. तो काय, जाईल परत. तू आपला माणूस आहेस, तुला वाचवतोय."

आपला माणूस. मी पेनाचं टोपण काढलं. हे पण नोंदवून ठेवतो, काढलं होतं. मग डोळ्यांपुढे ती आत सरकवलेली खुर्ची आली आणि हात पुढे जाईना.

"साहेब, मी तुमच्यातला नाही."

"म्हणजे?"

"महारवाड्यातला. आम्ही बौद्ध. मराठी बोलतो, एवढंच."

खिडकीतला एसी घरघरत होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तुम्ही बसा बाहेर."

तुम्ही! चार वर्षांत पहिल्यांदा. आयुष्यात इतका मान कोणी दिला नव्हता आणि इतक्या लांबून कोणी बोललं नव्हतं.

सही केली नाही. दुसऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या: चूक माझी, त्यानं काही खोटं सांगितलं नाही, मी विचारलंच नाही. टेबलावर ठेवून बाहेर आलो. छाती फुगली होती. वाटलं, लढाई जिंकली.

कसली लढाई! माझा कागद कुठं गेला कोणास ठाऊक. टाईप केलेला कागद साहेबांच्या सहीनं गेला. एफ्राइनचा व्हिसा रद्द झाला. मला उघड्यावरच्या यार्डात पाइप मोजायला पाठवलं. शुक्रवारचं बोलावणं बंद. महिन्याभरात साऱ्या मराठी मंडळींना कळलं. हवल्लीत किराण्याच्या दुकानात वहिनी समोरून आल्या आणि डाळींच्या पाकिटांवरच्या तारखा वाचत बसल्या.

एफ्राइनला विमानतळावर नेणारी गाडी आली तेव्हा मी धावत गेलो. शाबासकी हवी होती मला. धापा टाकत सांगितलं, "मी सही केली नाही."

त्यानं बॅग डिकीत टाकली. "पण कार्ड घेतलंस." गाडी गेली.

आज मी कुवेतमध्येच जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात फायली लावतो, आणि ते वाक्य अजून ऐकू येतं. माझ्या खरं बोलण्यानं त्याचं काही वाचलं नाही, आणि कुवेतमधली एकही मेस एक झाली नाही. होईल असं वाटतही नाही. पण एक गोष्ट मला कळली. ते कार्ड काढून घ्यायला साहेब स्वतः गेले नव्हते. माद्रिदवालाही गेला नव्हता. असल्या कामाला लपलेला माणूसच उपयोगी पडतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर लोक विचारतील, तुला का इतकं लागतंय?

म्हणून आता नवा मराठी माणूस भेटला आणि आडनाव ऐकून गोड हसला, "म्हणजे आपल्यातलेच की!" म्हणाला, की त्याचं हसू पुरं होण्याआधी मी सांगतो, कुठल्या वस्तीतला ते. काही जण हात मागे घेतात. घेऊ देत. मला पुन्हा कोणी कोणाला उठवायला पाठवणार नाही. पाठवलं तर मी जाणार नाही.