पिंकीने न पाहिलेली सासू

मेडशीच्या पंचफुलाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी ते काम सोडलं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सतीशचं लग्न झालं आणि पिंकी सून म्हणून घरात आली. पिंकीने पाहिलेली सासू भिंतीकडे तोंड करून पडून असायची. धड जेवायची नाही, वेणीफणी करायची नाही. सतीशला घरी यायला जरा उशीर झाला की रडायची. घरात पूर्वीचं कोणी काही बोलत नसे. पिंकीला वाटू लागलं, बाईचा स्वभावच तसा.

हिवाळ्यात त्यांनी अंघोळही सोडली, तेव्हा पिंकी सासूसासऱ्यांना घेऊन एसटीने वाशिमच्या दवाखान्यात गेली. तिथे योगिनी नावाच्या तरुण मानसतज्ज्ञ होत्या. त्यांनी सांगितलं, स्वभाव पाच अंगांनी मोजतात: माणूस काळजी किती करतो, लोकांत किती रमतो, नवं त्याला किती आवडतं, दुसऱ्याशी किती जुळवून घेतो आणि कामात किती काटेकोर असतो. हे सगळं प्रत्येकात असतं, कमीजास्त. मग त्यांनी प्रश्न विचारले. पंचफुलाबाईंच्या उत्तरांत काळजी फार वर गेली आणि लोकांत रमणं पार तळाला. पिंकीनेही सासूबद्दल तसंच सांगितलं.

योगिनींचं समाधान झालं नाही. आजारी माणूस स्वतःच्या स्वभावाबद्दलही आजारातूनच बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सासऱ्यांना, देवमनरावांना, तेच प्रश्न विचारले, पण पूर्वीच्या पंचफुलाबद्दल.

लोकांत रमायच्या का, या प्रश्नावर देवमनराव हसले. "एसटीत बसली का मालेगाव येईपर्यंत अर्ध्या गाडीशी वळख. अनोळखी बाईले घरी जेवाले घेऊन येत जाय. भीमजयंतीले गाणं पयले हीच उचले."

पिंकी सासऱ्यांकडे बघत राहिली. ही बाई तिने कधी पाहिलीच नव्हती.

"स्वभाव असा वर्षभरात पालटत नाही," योगिनी म्हणाल्या. "हा उदासीचा आजार आहे. यावर इलाज होतो."

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "मले वाटे, मीच अशी झाली. कोणाले काय सांगाव?"

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मूळची माणसांत रमणारी आणि देवमनरावांच्या सांगण्यानुसार कामात काटेकोर बाई, म्हणून योगिनींनी त्यांना आराम करायला सांगितलं नाही. रोज सकाळी ठरल्या वेळेला एका शेजारणीकडे जाऊन यायला सांगितलं. सुरुवातीला पिंकीला त्यांचा हात धरून न्यावं लागे. मग त्या एकट्या जाऊ लागल्या, आणि पुढे पुढे लवकर परत येईनात.

उन्हाळ्यात पुन्हा चाचणी झाली. काळजी बरीच उतरली होती, लोकांत रमणं वर आलं होतं. काटेकोरपणा देवमनरावांनी सांगितला होता तसाच निघाला. पिंकीने हळू आवाजात तक्रार केली, की तिने घासलेली भांडी सासूबाई पुन्हा घासतात. त्याला काही गोळी नाही का?

"तो मात्र स्वभाव आहे," योगिनी म्हणाल्या.

पंचफुलाबाई तोवर बाहेर बाकावर केनवडच्या एका बाईजवळ तिच्या लेकीच्या सोयरिकीची चौकशी करत बसल्या होत्या. त्या उठेपर्यंत मेडशीची एसटी निघून गेली.