चाळीस मिनिटांनी बंद पडणारं मशीन

मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा ते चालवणारा महादेव खिडकीपाशी हाताची घडी घालून उभा होता. मीच त्याला तिथे उभं केलं होतं. म्हणजे बटण त्यानं दाबलं नव्हतं, एवढं तरी नक्की झालं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, चिंचवडच्या एका नव्या कारखान्यातली. कॉम्प्युटर तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. त्याच्या जागी टॅब्युलेटर असायचं. भोकं पाडलेली कार्डं एका बाजूनं घालायची, मशीन ती भोकं वाचून बेरजा करायचं आणि यादी छापायचं. स्टोअरमध्ये कुठला सुटा भाग किती शिल्लक आहे, हे त्यावरून कळे. मी ही मशीनं दुरुस्त करायला मुंबईहून जायचो.

तक्रार विचित्र होती. मशीन चालता चालता गप्प व्हायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. मध्ये अडकलेलं कार्ड चुरगळायचं, की सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून.

स्टोअरचे प्रमुख देशपांडे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, मशीनला धाड भरलेली नाही. हा महादेव बिडी ओढायला जातो, जाताना बंद करतो. तुम्ही फक्त मशीन ठीक आहे असं लिहून द्या. पुढचं मी बघतो."

पुढचं म्हणजे महादेवची नोकरी जाणार. तो भोसरीचा, घरातला पहिला मॅट्रिक, अजून कायम झालेला नव्हता.

"साहेब, आमी बटनाला हात बी लावत न्हाई," तो मला म्हणाला. "घरी दोन लेकरं हायेत. खोटं कशाला बोलू?"

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नव्हता. म्हणून तर त्याला खिडकीपाशी धाडलं.

आता घाम मला फुटला. फ्यूज शाबूत. वायरी घट्ट. खोलीतला दिवा मंद झाला नव्हता, म्हणजे वीजही ठीक. मशीन मात्र दर वेळी चाळीसेक मिनिटांनीच थांबत होतं. बिडीची तलफ इतकी घड्याळ लावून येत नाही. मी मोटरच्या झाकणावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखं तापलं होतं.

मोटरच्या आत एक धातूची पट्टी असते. मोटर फार तापली की ती वाकते आणि वीज तोडते. गार झाली की सरळ होते, वीज पुन्हा चालू. म्हणजे मशीन स्वतःला वाचवत होतं. पण वारा घालायला पंखा असताना मोटर तापत का होती?

"ओढा हे भिंतीपासून," मी म्हणालो.

चौघांनी मिळून ओढलं. मागच्या कडेला खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार लोंबत होता, पार वाळलेला. त्याच्या खाली पंख्याची जाळी, आणि जाळीवर पाकळ्यांचा गोधडीसारखा जाड थर. पंख्यानं इतके दिवस एकेक पाकळी ओढून घेतली होती.

"हा काढला का नाही?" मी विचारलं.

महादेव हळूच म्हणाला, "देशपांडे साहेबांनी सोताच्या हातानं घातलाय. आमी कसा काढनार?"

देशपांडे साहेब दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि पुढे येऊन हार स्वतःच उतरवला.

मी ब्रशनं जाळी साफ केली आणि मशीन लावलं. चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. सगळ्या खोलीचं लक्ष घड्याळाकडे. शेवटच्या कार्डापर्यंत यादी छापून निघाली तेव्हा महादेव मटकन स्टुलावर बसला. मलाही इतकं हलकं वाटलं की मी उगाचच हसलो.

देशपांडे साहेबांनी यादी दोनदा चाळली. मग म्हणाले, "महादेव, चुकलं माझं." एवढंच, पण चारचौघांत बोलले. पुढच्याच महिन्यात महादेव कायम झाला.

रिपोर्टात मी 'हवेची जाळी तुंबली' एवढंच लिहिलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मशीनवर कोण बसतं, हे मी कुठल्याही कारखान्यात आधी विचारलं नाही. आधी मशीन भिंतीपासून ओढायला लावलं.