सुमनबाईंची काठी

सुमनबाई गेल्याचं मला भोकरदनच्या स्टँडवर कळलं. आमच्याच शाळेत शिकलेला एक कंडक्टर गाडीतून उतरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, आपल्या बाई गेल्या... झोपेतच." खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो वेगळाच. उद्या वस्तीवरच्या पोरांना माळावरून शाळेत कोण आणणार?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी एकाच शाळेवर रुजू झालो. परिसर अभ्यासाचा तास मी पुस्तकातून उरकायचे. बाई मात्र पोरांना, आणि जमलं तर त्यांच्या आयांनाही, गावाबाहेरच्या माळावर न्यायच्या. गावातली मेलेली जनावरं तिथं टाकत. मी पदर नाकाला लावून मागं मागं. "नाक दाबा, डोळे नका मिटू," बाई माझी टर उडवायच्या. आधी वर बघायचं, हा त्यांचा नियम. आभाळात गिधाडं घिरट्या घालत उतरायची आणि संध्याकाळपर्यंत बैलाची नुसती हाडं उरायची. सरपंच चिडले होते, "पोरायला मढं दाखवून राह्यल्या का बाई तुमी?" बाई म्हणाल्या, "मढं न्हाई, ते साफ करनारे दाखवते."

पुढं गिधाडं कमी होत गेली. एका वर्षी तर पोरं मान दुखेपर्यंत वर बघत उभी राहिली... कुणीच उतरलं नाही. बैल तिथंच सडला. गिधाडं कशामुळं गेली, ते बाईंनाही सांगता येईना, आणि तसं त्यांनी पोरांना सरळ सांगितलं. गावात भाकरीच्या तुकड्याला येणारी कुत्री आता माळावरच राहायला लागली. चांगली धष्टपुष्ट झाली. बाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या. "आता जनावर पुरत जा. न्हाईतर तुमी कुत्रे पोसून राह्यले, अन् पोरं त्याच वाटंनं येतेत." सगळे हसले. "कुत्र्याला काय भ्यायचं बाई? हाड म्हनलं की लगेच पळतंय."

मग भरदुपारी त्या कुत्र्यांनी कळपातली शेळी ओढून नेली. हसणं थांबलं, पण खड्डा काही कुणी खणला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई बाभळीची काठी घेऊन वस्तीवर जायला लागल्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. काठी जमिनीवर आपटली की कुत्री उठून बाजूला व्हायची. मला या गावाचा अजून राग येतो. थोडा बाईंचाही येतो, सगळं एकटीनं ओढलं म्हणून.

त्यांना जाऊन आता महिना होत आला. पोरांना मी आणते. त्यांच्यातल्या एकानंही गिधाड पाहिलेलं नाही, तरी माळ आला की सगळी बाईंच्या सवयीनं वर बघतात. आभाळ मोकळं असतं. मी मात्र खाली बघते. कुत्री वाटेवरच बसलेली असतात. मी काठी आपटते, बाई आपटायच्या तशीच, त्याच जागी.

एकही कुत्रं उठत नाही.